मते किती आणि जागा किती?



ज्याला सर्वांत जास्त मते, तो निवडून आला. लोकसभा-विधानसभेची ही पद्धत आपल्या अंगवळणी पडली आहे. आता बघा, मतदार शंभर, उमेदवार तीन. मते ४०, ३५ आणि २५. चाळीसवाला गुलाल उधळतो. साठ जणांना तो नको होता, हे त्या गुलालात दिसत नाही. ही झाली एका जागेची गोष्ट. जागोजाग असे घडले म्हणजे काय होते, यासाठी आम्ही न्यूझीलंडचे उदाहरण घेतले आहे. तोही आपल्यासारखा सहकाराचा मुलूख, फक्त उसाऐवजी दुधाचा.

तेथे १९७८ साली लेबर पक्षाला ४०.४ टक्के मते व ४० जागा, तर नॅशनल पक्षाला ३९.८ टक्के मते आणि जागा मात्र ५१! सभागृह होते ९२ जणांचे. १९८१ ला पुन्हा तेच. मते लेबरची किंचित जास्त, सरकार नॅशनलचे. त्याच वेळी सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला २०.७ टक्के मते पडली, म्हणजे पाचांत एक. जागा किती? दोन. मते देशभर विखुरलेली, पहिला नंबर क्वचितच. काट्यावर वीस टन ऊस उतरवून दोन टनांची पावती कोण घेईल?

लोकांत नाराजी वाढली. १९८५ साली आयोग नेमला गेला, १९९३ च्या सार्वमतात ५३.९ टक्के लोकांनी बदलाला कौल दिला आणि १९९६ पासून प्रमाणशीर पद्धत आली. मतदाराला दोन मते: एक मतदारसंघातील उमेदवाराला, दुसरे पक्षाला. सभागृहातील १२० जागांचा हिशेब पक्षाच्या मतांवरून. समजा, एका पक्षाला १० टक्के मते पडली, तर त्याचा वाटा साधारण १२ जागांचा. मतदारसंघांतून ५ आले असतील तर उरलेले ७ पक्षाच्या यादीतून घ्यायचे. ५ टक्क्यांच्या आत राहून एकही मतदारसंघ न जिंकणाऱ्याला मात्र काही नाही.

यातही खोट आहेच. १९९६ ला कुणालाच बहुमत नाही. सरकार बनायला जवळजवळ दोन महिने गेले आणि किल्ली राहिली १७ जागांच्या पक्षाच्या हाती. शिवाय यादीतला माणूस पुढाऱ्याकडे बघतो, गावाकडे नव्हे. आम्हाला हा दोष मोठा वाटतो. तरी २०११ च्या सार्वमतात ५७.८ टक्के लोकांनी हीच पद्धत ठेवली.

आपल्याकडेही राज्यसभेसाठी आमदार १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितात, तो प्रमाणशीर पद्धतीचाच एक प्रकार. कारखान्याच्या निवडणुकीत तसे नाही. पॅनेल टू पॅनेल मतदान झाले, तर शंभरात एकावन्न मतेवाले सगळ्या जागा नेतात. उरलेल्या एकोणपन्नासांचे म्हणणे मग वार्षिक सभेत, माइकसाठी ओढाताण करून ऐकू येते.