जुन्या ट्रॅक्टरमधील गिअर तेलाची गळती : उगम कसा शोधावा व दुरुस्ती कशी करावी

पंधरा-वीस वर्षे नांगरट व वाहतूक केलेल्या ट्रॅक्टरखाली सकाळी तेलाचा डाग दिसू लागला, म्हणजे काही शेतकरी दर आठवड्यास वरून तेल घालून काम रेटतात, तर काही घाईने ट्रॅक्टर मधोमध खोलून घेतात. पहिल्या मार्गाने गिअर व बेअरिंगे झिजतात. दुसऱ्याने ऐन पेरणीतील दिवस वाया जातात आणि पुष्कळदा गळती तशीच राहते. कारण असे की, तेल जेथून ठिबकते तेथूनच ते गळत असते असे नाही. वरच्या सांध्यातून निघालेले तेल कवचावरून ओघळत सर्वांत खालच्या बोल्टापाशी येते व तेथून पडते. सबब, पाना हाती घेण्यापूर्वी उगम निश्चित करावा.

याकरिता गिअर-बॉक्सच्या कवचावरील मळी व चिखल खरवडून, डिझेलमध्ये बुडविलेल्या कुंचल्याने ते धुवावे व चिंधीने अगदी कोरडे करावे. मग सर्व सांध्यांवर खडूची पूड किंवा चाळलेली राख भुरभुरावी. तेल तापेपर्यंत अर्धा तास ट्रॅक्टर चालवावा आणि सपाट जागी जुन्या वर्तमानपत्रावर उभा करावा. पुडीत जो ओला माग सर्वांत उंचावर दिसेल, तो उगम समजावा. कागदावरील डागही बोलका असतो. इंजिनाचे वापरलेले तेल पातळ व काळे, गिअरचे दाट व मधाच्या रंगाचे असते. डाग दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे असे जाणावे. मग केवळ गळती बंद करून भागत नाही, सर्व तेल बदलावे लागते.

उगम सापडला तरी लगेच सील बदलण्यास धावू नये. प्रथम ब्रीदर पाहावा. गिअर-बॉक्स तापला की आतील हवा फुगते व या लहानशा छिद्रातून बाहेर पडते. ते मातीने बुजले असता तीच हवा तेलास चांगल्या सीलमधूनही बाहेर लोटते. भातखाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये हा संभव अधिक. ब्रीदर काढून धुण्यास खर्च नाही. त्याचबरोबर तेलाची पातळीही तपासावी, कारण खुणेच्या वर भरलेले तेलही असेच बाहेर येते.

उलट पातळी घटल्याचे पहिले लक्षण काही ट्रॅक्टरांत गिअरच्या आवाजाऐवजी लिफ्टमध्ये दिसते. १९४६ ते १९५६ या काळात कॉव्हेंट्री येथे तयार झालेला फर्ग्युसन टी. ई. २०, त्यानंतरचा मॅसी फर्ग्युसन ३५ व भारतात बनलेला १०३५ यांत गिअर, मागील धुरा व लिफ्ट यांचे तेल एकच असते. अशा ट्रॅक्टरची पातळी लिफ्टचे हात खाली सोडूनच मोजावी आणि त्यात निर्मात्याने सांगितलेलेच तेल घालावे.

क्लचच्या कवचाच्या तळाशी बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत एक छिद्र व त्यात सैल कॉटर पिन असते. तेथून तेल ठिबकते म्हणून कित्येक जण छिद्रच बुजवितात. हे फार चुकीचे आहे. आत आलेले तेल क्लचवर न जाता बाहेर पडावे म्हणूनच ते मुद्दाम ठेवलेले असते. तेथील तेल काळे असल्यास इंजिनाच्या मागील सीलकडे, दाट असल्यास गिअर-बॉक्सच्या पुढील सीलकडे संशय घ्यावा. ट्रॅक्टर मधोमध खोलण्याचा प्रसंग खरोखर येतो तो येथेच. ते काम अनुभवी मिस्त्रीकडून करून घ्यावे.

सर्वांत धोक्याची गळती मात्र मागील चाकाच्या आतील बाजूस असते. कोरडे ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरमध्ये धुऱ्याच्या सीलमधून आलेले तेल ब्रेकच्या लायनिंगवर पसरते. अशा स्थितीत उसाची भरलेली ट्रॉली उतारावर नेणे म्हणजे चालकाचा जीव धोक्यात घालणे होय. ट्रॅक्टर तत्काळ उभा करावा. तेल मुरलेले लायनिंग धुऊन पुन्हा बसवू नये, नवेच घालावे.

दुरुस्तीपैकी ड्रेन प्लगची गळती सर्वांत सोपी. तांब्याचा वायसर लाल तापवून थंड केला की मऊ होतो व पुन्हा बसतो. झाकणाखालील पॅकिंग फाटले असल्यास दोन्ही पृष्ठे स्वच्छ करून नवे घालावे व बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. धुऱ्याचे सील बदलताना चाक काढावे लागते. तेव्हा केवळ जॅकवर विसंबू नये, धुऱ्याखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत.

जुने सील काढल्यावर दांडा हाताने हलवून पाहावा. तो खेळत असेल तर दोष बेअरिंगचा आहे. ते न बदलता घातलेले नवे सील लवकरच गळू लागते. दांड्यावर सीलच्या ओठाने चर पाडली असल्यास, जागा असेल तर नवे सील किंचित पुढे-मागे बसवावे. स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी, ओठास ग्रीस लावावे, दांड्याच्या धारदार खाचांवर पातळ कागद गुंडाळावा व लाकडी ठोकळ्याने सील चोहोबाजूंनी सारखे आत ठोकावे. वाकडे बसलेले सील पहिल्या दिवसापासून गळते.

तेल भरल्यानंतर एक दिवस हलके काम करून पुन्हा कागद अंथरावा आणि पातळी पाहावी. ब्रेकचे काम झाले असेल तर रिकाम्या ट्रॅक्टरवर मोकळ्या सपाट जागी ब्रेक पारखून मगच ट्रॉली जोडावी.