जुनी अवजारे, नवा बाजार आणि मालकीचा प्रश्न

व्यापारी कायद्याच्या तासाला मालविक्री अधिनियम, १९३० शिकविताना एक लॅटिन वचन हटकून येते. ‘निमो डाट क्वॉड नॉन हॅबेट’. म्हणजे स्वतःजवळ जे नाही ते कोणी दुसऱ्यास देऊ शकत नाही. परीक्षेतील टीप म्हणून आपण ते पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. परंतु आता जुन्या वस्तूंचा बाजार मोबाईलच्या पडद्यावर भरू लागला आहे, आणि त्या बाजारात हे वचन पावलोपावली आडवे येते. ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस, व्हॉट्सॲपवरील खरेदी-विक्रीचे गट, कोठेही पाहा. सोफे आणि सायकली यांच्या जोडीला ड्रिल मशीन, ग्राइंडर, वेल्डिंग मशीन, मार्बल कटर, पान्यांचे संच, व्हर्नियर कॅलिपर अशी अवजारे अर्ध्या किमतीत विक्रीस असतात. उद्यमबाग आणि मच्छे येथील फाउंड्र्या व मशीनशॉप यांच्या आधाराने वाढलेल्या आपल्या बेळगावात अशा मालाला गिऱ्हाईक कमी नाही.

माझा थोरला भाऊ वायरमन आहे. भिंतीत भोके पाडण्याचे हॅमर मशीन तो जुन्यात शोधत होता. एक मशीन त्याला पसंत पडले, किंमतही परवडणारी होती. पण बिल नव्हते, आणि विकणारा “आजच्या आज न्या” म्हणत होता. दादाने मला विचारले, “तू कॉमर्सला आहेस ना? मग सांग, हे चोरीचं निघालं तर माझं काय होईल?” त्याच्या धास्तीला कारण होते. त्याच्याच एका मित्राची अवजारांची पिशवी बांधकामावरून नाहीशी झाली होती आणि नवी जमवीपर्यंत तो जवळजवळ तीन आठवडे घरी बसून होता. कारागिराचे भांडवल बँकेत नसते, ते त्या पिशवीत असते. तेव्हा दादाला दोन भये होती. एक, आपले पैसे बुडतील. दुसरे, आपल्यासारख्याच कोणाची तरी रोजी आपण अर्ध्या किमतीत विकत घेत असू. मी जे वाचून काढले ते येथे मांडतो.

पहिला प्रश्न, वस्तू कोणाची? अधिनियमाचे कलम २७ स्पष्ट आहे. जो मालक नाही आणि ज्याला मालकाची संमतीही नाही, त्याने माल विकला तर घेणाऱ्यास विकणाऱ्याहून अधिक चांगला हक्क मिळत नाही. चोराचा हक्क शून्य, म्हणून आपलाही शून्य. आपण पुरी किंमत दिली, मनात काही पाप नव्हते, या गोष्टींनी येथे फरक पडत नाही. पुष्कळांना हे अन्यायाचे वाटते. इंग्लंडमध्ये एके काळी याच्या उलट नियम होता. उघड्या बाजारात, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात, प्रामाणिकपणे घेतलेला माल चोरीचा निघाला तरी तो घेणाऱ्याचाच होई. लंडन शहरातील दुकानांनाही ही सवलत होती. हा नियम तेथे १९९५ च्या जानेवारीपासून रद्द झाला. आपल्या १९३० च्या कायद्याने तो घेतलाच नव्हता. त्यामुळे आठवडी बाजारात, ज्याला आपले कन्नड विभागातील मित्र ‘संते’ म्हणतात तेथे, शंभर लोकांदेखत घेतलेला पानासुद्धा चोरीचा असला तर मूळ मालकाचाच राहतो.

मग पैशांचे काय? येथे कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने उभा राहतो. विकणाऱ्यास विकण्याचा हक्क आहे ही प्रत्येक विक्रीतील गर्भित शर्त होय, असे कलम १४ सांगते. या संबंधात रोलंड विरुद्ध डिव्हॉल हा १९२३ चा इंग्रजी खटला आपल्या पाठ्यपुस्तकांत असतो. रोलंडने ३३४ पौंडांस मोटार घेतली. ती चोरीची निघून पोलिसांनी नेली. तोपर्यंत मोटार सुमारे चार महिने वापरात होती. तरीही न्यायालयाने वापराबद्दल काहीही न कापता पुरी किंमत परत देवविली. कारण असे की, त्याने पैसे दिले होते ते मालकीसाठी, आणि मालकी त्यास क्षणभरही मिळाली नव्हती. ही विचारसरणी मला फार पटते. जुनी वस्तू घेताना आपण लोखंड आणि मोटार घेत नसतो, समोरच्या माणसाचा हक्क घेत असतो.

परंतु डिव्हॉल हा सापडण्यासारखा माणूस होता. ऑनलाइन विकणारा मात्र पुष्कळदा एक टोपणनाव, एक छायाचित्र आणि उद्या बंद पडू शकणारा मोबाईल क्रमांक एवढाच असतो. ज्याच्यावर दावा लावायचा त्याचा पत्ताच नसेल तर कलम १४ कागदावर राहते. जुन्या अवजारांच्या ऑनलाइन खरेदीतील खरा धोका मला येथे दिसतो.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राने हा मुद्दा आधीच हेरला होता, हे वाचून मी चकित झालो. मालक नसताना केलेली विक्री, ‘अस्वामिविक्रय’, हे तेथे वादाचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. याज्ञवल्क्य स्मृतीचा आशय असा: दुसऱ्याने विकलेली आपली वस्तू मालकाने परत घ्यावी, आणि एकांतात, फार कमी किमतीत, अवेळी किंवा हीन माणसाकडून घेणारा चोरच समजावा. यातील ‘हीन’ या शब्दाचा अर्थ लावताना मिताक्षरा जातीकडे वळत नाही. ज्याच्याकडे ती वस्तू येण्याचा काही मार्गच नाही असा माणूस, असा अर्थ ती लावते. पुढे म्हटले आहे की घेणाऱ्याने विकणारा दाखवून दिला की तो शुद्ध ठरतो. वस्तू मालकाला, दंड राजाला आणि किंमत घेणाऱ्याला विकणाऱ्याकडून मिळते. मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणच्या चालुक्यांपैकी सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाला होता. ते कल्याण म्हणजे आपल्याच राज्यातील बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण.

आता दादाच्या प्रश्नातील भीतीचा भाग, गुन्ह्याचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३१७ प्रमाणे, माल चोरीचा आहे हे ठाऊक असून किंवा तसे मानण्यास कारण असून जो तो अप्रामाणिकपणे घेतो अथवा जवळ ठेवतो, त्यास ३ वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘जवळ ठेवतो’ हे शब्द ध्यानात घ्यावेत. घेताना ठाऊक नव्हते, पण नंतर कळले आणि तरीही मुकाट्याने वापरत राहिलो, तर आपण त्या शब्दांच्या कक्षेत येऊ लागतो. दुसऱ्याला विकून मोकळे होणे तर त्याहून वाईट. शिवाय ‘चोरीचा माल’ म्हणजे केवळ कुलूप फोडून नेलेला माल नव्हे. नोकराने कारखान्याचे मशीन परस्पर विकले तर विश्वासघाताने आलेला तो मालही याच व्याख्येत बसतो, आणि नव्या संहितेने फसवणुकीने मिळविलेला मालही तीत घातला आहे.

येथे माझ्यासारखा विद्यार्थी थोडा अडखळतो. मालविक्री अधिनियमाच्या कलम २९ नुसार, विकणाऱ्याने माल फसवणुकीच्या कराराने मिळविला असला आणि मूळ मालकाने तो करार अजून रद्द केलेला नसला, तर प्रामाणिक घेणाऱ्यास चांगला हक्क मिळू शकतो. म्हणजे एक कायदा ज्यास चोरीचा माल म्हणतो त्यावर दुसरा कायदा मालकी देऊ शकतो. यावर आमच्या प्राध्यापकांनी वर्गात एखादी चर्चा घडवून आणावी, असे मी सुचवितो.

पुराव्याचा कायदाही घेणाऱ्याकडे बोट दाखवितो. चोरीनंतर लवकरच ज्याच्याजवळ माल सापडतो तो एकतर चोर किंवा जाणूनबुजून घेणारा, असे न्यायालय गृहीत धरू शकते. मात्र वस्तू आपल्याकडे कशी आली हे त्याला सांगता आले तर गोष्ट वेगळी. पूर्वी हे कलम ११४ खाली होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ खाली आहे. ‘लवकरच’ म्हणजे किती दिवस? कर्नाटकातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये म्हटले की ठराविक मुदत सांगता येत नाही. वस्तू सहज हातोहात फिरणारी आहे की नाही, यावर ते अवलंबून राहील.

मोबाईल जुना घेताना आयएमईआय क्रमांक सरकारच्या ‘संचार साथी’वर तपासता येतो, मोटारसायकलीला आरसी असते. ड्रिल मशीनला यातले काही नाही. तिच्या पट्टीवर फक्त कंपनीचा मॉडेल व अनुक्रमांक असतो. तो खरवडलेला असेल तर व्यवहार तेथेच सोडावा. पान्यावर ठशाने मारलेली अक्षरे घासून काढल्याचा चकचकीत डाग, बॅटरीचे मशीन पण चार्जर नाही, आणि मशीन कशासाठी वापरले हे विकणाऱ्यास सांगता न येणे, या खुणा मी कमी किमतीपेक्षा अधिक बोलक्या मानतो. जुने अवजार स्वस्त असायचेच. बिल नाही म्हणून चोरीचे, असेही नव्हे. वडील वारले, वर्कशॉप बंद पडले, मुलगा नोकरीला लागला, अशा किती घरांत अवजारे बिलावाचून पडून असतात! अशा माणसाला संशयाने वागविणे बरे नाही. त्याला एवढेच म्हणावे की मी तुमच्या घरी किंवा दुकानी येऊन बघतो, पैसे यूपीआयने देतो, आणि एका कागदावर नाव, पत्ता, अनुक्रमांक व सही द्या. खरा मालक सहसा यास हरकत घेत नाही. दादाच्या विकणाऱ्याने घरी बोलावण्याचे टाळले. दादाने ते मशीन घेतले नाही.

घेतल्यावर संशय आला तर तो कागद आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण घेऊन पोलीस ठाण्यात जावे, संभाषण पुसू नये. वस्तू जाईल हे खरे. चोर दोषी ठरला आणि अटकेच्या वेळी त्याच्याजवळ पैसे सापडले असले, तर निर्दोष घेणाऱ्यास त्यातून दिलेल्या किमतीपर्यंतची रक्कम देवविण्याची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९९ मध्ये आहे. पण चोराच्या खिशात पैसे किती दिवस टिकणार!

मालकाच्या बाजूनेही एक काम राहते, आणि ते फुकटचे आहे. आपल्या प्रत्येक मशीनच्या पट्टीचे छायाचित्र काढून ठेवावे, हातअवजारांवर ठसा मारावा. चोरी झाल्यावर तक्रारीत ‘एक ड्रिल मशीन’ एवढेच लिहिले असेल, तर पोलिसांना सापडलेल्या दहा मशिनींतून आपले कोणते हे मालकालाही दाखविता येत नाही. अनुक्रमांक लिहिलेला असेल तर येते.