आफ्रिकी सिक्लिड मासे : मत्स्यालयातील सोबत्यांची निवड

हैदराबाद शहरातील नारायणगुडा हा भाग शाळा-महाविद्यालयांचा भाग म्हणून ओळखला जातो. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ उभी राहिलेली शिक्षणसंस्था याच भागात असल्याने मराठी वाचकांनाही हे नाव परिचयाचे आहे. अशा वस्तीतील घरांत, दवाखान्यांत व शाळांत काचेची टाकी ठेवून रंगीत मासे पाळण्याची आवड आता चांगलीच रुजली आहे. आफ्रिकेतील सिक्लिड मासे त्यांच्या निळ्या, पिवळ्या व नारिंगी रंगांमुळे चटकन नजरेत भरतात. परंतु त्यांच्याबरोबर गोल्डफिश, गप्पी, एंजल असे हाती येतील ते मासे एकाच टाकीत सोडले जातात. थोड्याच दिवसांत कोणाचे पर फाटतात, कोणी कोपऱ्यात पृष्ठभागाशी निपचित राहतो, तर कोणी मरून तरंगू लागतो. दोष माशाच्या दुष्ट स्वभावाला दिला जातो. वस्तुतः बहुतेक वेळा दोष निवडीचा असतो.

या कुळाची ओळख

सिक्लिड हे कूळ आपल्याकडील ग्रामस्थांना अगदीच अनोळखी नाही. तलावांत व धरणांत मुबलक मिळणारा चिलापी, म्हणजेच टिलापिया, हा आफ्रिकी सिक्लिडच होय. त्यातील मोझांबिक जातीचा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. गोवा व कोकणच्या खाड्यांतील कालुंदर हाही याच कुळातील असून तो मात्र मूळचा आपल्याच देशाचा आहे. मत्स्यालयात पाळले जाणारे बहुतेक आफ्रिकी सिक्लिड पूर्व आफ्रिकेतील मलावी, टांगानिका व व्हिक्टोरिया या तीन मोठ्या सरोवरांतून आले आहेत. एकट्या मलावी सरोवरात त्यांच्या शेकडो जाती असून त्यांपैकी बहुतेक जगात अन्यत्र कोठेही नैसर्गिक अवस्थेत आढळत नाहीत.

मलावीच्या काठच्या खडकांत राहणाऱ्या माशांना तेथील लोक 'म्बुना' म्हणतात. आपल्याकडील दुकानांत मिळणारे अनेक मासे याच गटातील असतात. यांतील मादी अंडी व पिले सुमारे तीन आठवडे तोंडात सांभाळते आणि त्या काळात जवळजवळ काहीच खात नाही. विद्यार्थ्यांना मातृसंगोपनाचा पाठ देण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

भांडणाची कारणे

या माशांच्या आक्रमकपणाची कारणे मुख्यतः तीन आहेत. पहिले कारण जागा. नर एखादी कपार आपली मानतो व तेथे येणाऱ्यास हुसकावतो. दुसरे कारण वीण. आपल्याच जातीचा, किंवा रंगाने व आकाराने आपल्यासारखा दिसणारा दुसरा नर त्याला प्रतिस्पर्धी वाटतो. तिसरे कारण अन्न. सरोवरात हरलेला मासा दूर पळून जातो. टाकीत त्याला पळण्यास जागा नसते, म्हणून तेथे साध्या हुसकावण्याचेही रूपांतर मृत्यूत होते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सोबती निवडताना तो शांत आहे काय, एवढेच पाहून भागत नाही. तो त्याच पाण्यात जगू शकतो काय, तेच अन्न पचवू शकतो काय आणि त्याच कपारीवर हक्क सांगणार नाही ना, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

पाण्याची कसोटी

मलावी सरोवराचे पाणी अल्कधर्मी असून त्याचा सामू सर्वसाधारणपणे ७.७ ते ८.६ असतो. टांगानिकाचा सामू याहूनही थोडा अधिक असतो. हैदराबाद शहर ग्रॅनाइट खडकावर वसलेले आहे व तेथील विंधन विहिरींचे पाणी बहुधा दुष्फेन, म्हणजे साबणाला फेस न येणारे असते. इतर अनेक माशांना अडचणीचे ठरणारे हे पाणी या सिक्लिडांना मात्र मानवते. तथापि पाणी तपासूनच वापरावे. नळाचे पाणी असल्यास त्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने प्रथम नाहीसे करावे.

याउलट, एंजल, डिस्कस व निऑन टेट्रा हे दक्षिण अमेरिकेतील सुफेन व किंचित आम्ल पाण्याचे मासे आहेत. एंजल व डिस्कस हेही सिक्लिडच असले, तरी एकच कूळ म्हणजे एकच गरज नव्हे. गोल्डफिशला थंड पाणी हवे असते, तर आफ्रिकी सिक्लिडांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान योग्य असते. गोल्डफिशची मंद हालचाल व लांब पर त्याला सहज भक्ष्य बनवतात. गप्पी तर सरळ गिळला जातो. हे सर्व सोबती टाळावेत.

अन्नाची कसोटी

बहुतेक म्बुना खडकावरील शेवाळ खरवडून खातात. त्यांचे आतडे लांब असते. त्यांना मांसयुक्त खाद्य वारंवार दिल्यास पोट फुगून ते दगावतात. मांसाहारी माशांबरोबर त्यांना ठेवले, की एकाचे खाद्य दुसऱ्याचे विष ठरते. म्हणून वनस्पतिजन्य खाद्यावर जगणारे मासे एका टाकीत आणि 'पीकॉक' या नावाने विकले जाणारे, लहान कृमिकीटक खाणारे ऑलोनोकारा मासे दुसऱ्या टाकीत, अशी विभागणी करणे हितावह ठरते. पीकॉक स्वभावानेही सौम्य असतात. दांडग्या म्बुनांबरोबर त्यांचा निभाव लागत नाही.

योग्य सोबती

नवशिक्याने पिवळा लॅब, म्हणजे लॅबिडोक्रोमिस सेरुलिअस, या तुलनेने शांत जातीपासून सुरुवात करावी. मेलॅनोक्रोमिस ऑराटस ही जात दिसण्यास देखणी असली, तरी अत्यंत भांडखोर असल्याने लहान टाकीत घेऊ नये. निरनिराळ्या जाती घेताना रंग व पट्टे एकमेकांहून स्पष्ट वेगळे असावेत. प्रत्येक जातीत एका नरामागे तीन ते चार माद्या ठेवाव्यात. त्यामुळे एकाच मादीचा सतत पाठलाग होत नाही. जवळच्या जातींचा संकर सहज होतो, म्हणून त्यांची पिले शुद्ध जातीची म्हणून कोणास देऊ वा विकू नयेत.

सिक्लिडेतर सोबत्यांत आफ्रिकेतीलच सिनोडॉन्टिस हा मिशांचा मासा उत्तम. तो तळाशी वावरतो, निशाचर असतो व अंगाने टणक असतो. त्याची व सिक्लिडांची कपारीवरून होणारी स्पर्धा कमी राहावी, म्हणून लपण्याच्या जागा भरपूर ठेवाव्यात.

टाकी व मांडणी

चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकीचे घनफळ नऊ घनफूट होते. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते, म्हणजे टाकीत सुमारे २५० लिटर पाणी बसते. या पाण्याचेच वजन २५० किलोग्रॅम होते, दगड व काच वेगळी. मजल्यावरील घरात टाकी ठेवताना हा हिशेब विसरू नये. अशा टाकीत लहान जातींचे पंधरा ते वीस म्बुना राहू शकतात. थोडी दाटी असली, की एकाच दुर्बल माशावर सर्व मार पडत नाही, तो वाटला जातो. परंतु दाटीबरोबर घाणही वाढते. अल्कधर्मी पाण्यात अमोनिया अधिक विषारी होतो, हे ध्यानात ठेवून फिल्टर सक्षम असावा व दर आठवड्यास पाव ते एक-तृतीयांश पाणी बदलावे. नवी टाकी चार ते सहा आठवडे चालवून उपयुक्त जिवाणू वाढल्यावर व अमोनिया तपासूनच मासे भरावेत. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचा पंप बंद पडू देऊ नये.

दगड काचेच्या तळावर भक्कम बसवून मगच वाळू घालावी. मासे वाळू उकरतात व वर ठेवलेला दगड कोसळतो. मासे शक्यतो एकाच वेळी, लहान वयाचे व सारख्या आकाराचे सोडावेत. नंतर नवा मासा आणावयाचा झाल्यास प्रथम दगडांची जागा बदलावी. जुन्या माशांच्या हद्दी मोडल्यामुळे नव्याला जागा मिळते. दांडगी जात नेहमी शेवटी सोडावी. एखादा मासा सतत मार खात असल्यास त्याला त्याच दिवशी वेगळे काढावे.

तलावात सोडू नयेत

आता सर्वांत महत्त्वाची बाब. टाकीत न जमलेला मासा मारण्याचे जिवावर येते, म्हणून कित्येक जण तो जवळच्या तलावात सोडून देतात. नारायणगुड्यापासून हुसेनसागर दूर नाही आणि खेड्यात तर गावतळे दाराशीच असते. ही दया नव्हे. व्हिक्टोरिया सरोवरात १९५० व १९६० च्या दशकांत नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडण्यात आला. त्यानंतर, विशेषतः १९८० च्या दशकात, तेथील सिक्लिडांच्या सुमारे दोनशे जाती नामशेष झाल्याचा अंदाज आहे. चुकीच्या सोबत्याने एवढे मोठे सरोवर उजाड केले. आपल्याकडेही चिलापीने अनेक जलाशयांत स्थानिक माशांच्या अन्नावर व जागेवर ताबा मिळविला आहे. मत्स्यालयांतून आलेला सकर मासा उजनी जलाशयातील मच्छीमारांच्या जाळ्यांना त्रासदायक झाला आहे.

म्हणून नको असलेला मासा विक्रेत्यास परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्यास सोपवावा. शाळेत मत्स्यालय असल्यास शिक्षकांनी हा नियम टाकीशेजारीच लिहून लावावा. मासा विकत घेण्यापूर्वी त्याचे पाणी, अन्न, वाढीचा आकार व स्वभाव यांची चौकशी करण्यास अर्धा तास पुरतो. तेवढी तसदी घेतली, तर टाकीतील मासे सुखाने नांदतील आणि बाहेरचे तळेही सुरक्षित राहील.