चिरलेला मनोरा आणि त्याचा पाया

समजा तुमच्यासमोर विटांचा एक उंच मनोरा आहे. एका भूकंपात तो माथ्यापासून पायापर्यंत उभा चिरला आहे. भेग एवढी रुंद, की तिच्यातून पलीकडचा उजेड दिसतो. साइट इंजिनिअर म्हणून तुम्ही रिपोर्टमध्ये काय लिहाल? आपल्यातले बहुतेक जण एकच ओळ लिहून मोकळे होतील : "धोकादायक, ताबडतोब उतरवावा."

चीनमधल्या शिआन शहरात असा एक मनोरा आहे. १४८७ साली तो अस्साच चिरला. त्यानंतर त्याने १५५६ चा भूकंप सोसला, जो माणसाच्या नोंदलेल्या इतिहासातला सर्वात प्राणघातक भूकंप मानला जातो. आणि तरीही तो आज एका बागेत शांतपणे उभा आहे. त्याचं नाव शिआव यान था, म्हणजे छोटा रानहंस पॅगोडा. स्ट्रक्चर्स शिकणाऱ्या कुणालाही शिआनला जायचा योग आला, तर टेराकोटाची फौज बघून झाल्यावर अर्धा दिवस या बागेसाठी जरूर राखून ठेवावा. का, ते या लेखात पाहू.

बागेत शिरताना

शिआनच्या जुन्या तटबंदीच्या दक्षिण दरवाज्यातून बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर ही बाग लागते. मुळात हे जिआनफू मंदिराचं आवार. २००७ मध्ये इथे शिआन म्युझियम सुरू झालं आणि मंदिर, मनोरा, तळं, जुनी झाडं असा सगळा परिसर एकत्र आला. सकाळी इथे शहरातली म्हातारी मंडळी व्यायाम करताना दिसतात. आवारात ११९२ साली ओतलेली एक प्रचंड घंटा आहे. तिचा पहाटेचा नाद हे या भागाचं एक प्रसिद्ध वैशिष्ट्य समजलं जाई.

मनोरा बांधला गेला तो थांग राजवटीत, इ. स. ७०७ च्या सुमारास. याच काळात इत्सिंग हा भिक्षू या मंदिरात ग्रंथांची भाषांतरं करत होता. शाळेच्या इतिहासात आपण ह्युएनत्संगबरोबर त्याचंही नाव वाचलेलं असतं. ६७१ मध्ये समुद्रमार्गे निघून तो भारतात आला, नालंदाला बरीच वर्षं शिकला आणि ६९५ मध्ये सुमारे चारशे संस्कृत ग्रंथ घेऊन परत गेला. हा मनोरा म्हणजे अशा ग्रंथांचं घर. ह्युएनत्संगच्या ग्रंथांसाठी ६५२ साली बांधलेला मोठा रानहंस पॅगोडा याच शहरात काही किलोमीटरवर आहे. तो मोठा, म्हणून हा छोटा! एरवी ४३ मीटरच्या इमारतीला कोण छोटी म्हणेल?

आधी नुसतं बघा

जवळ जायच्या आधी जरा लांब उभं राहून मनोऱ्याची आकृती बघा. तळाची बाजू सुमारे ११.४ मीटर, चौरस. पहिला मजला उंच, आणि त्याच्यावर एकावर एक दाटीने आलेले छज्जे. वर जाताना मजले लहान होत जातात, पण सरळ रेषेत नाही. खालचे मजले हळूहळू आत येतात आणि वरचे झपाट्याने. त्यामुळे बाहेरची रेषा किंचित फुगीर दिसते. ही शोभा तर आहेच, पण त्यामुळे वजन खाली राहतं आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली येते.

आता छज्जे बघा. प्रत्येक थरातली वीट खालच्या विटेपेक्षा थोडी पुढे काढलेली, मधूनच तिरक्या विटांची दातेरी रांग. यालाच आपण कॉर्बेलिंग म्हणतो. वीट टेन्शनमध्ये कच्ची असते, हे सेकंड इयरला पाठ झालेलं वाक्य इथे डोळ्यांनी दिसतं. कुठेही लांब बाहेर आलेला तुकडा नाही. सगळा भार दाबातूनच खाली जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे खिडक्या. तळाला दोन दारं आहेत, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. वरच्या मजल्यांच्या खिडक्याही त्याच दोन बाजूंना, एकावर एक, एकाच उभ्या रेषेत. मनोरा आतून पोकळ आहे, जिना आणि तक्तपोशी लाकडाची. म्हणजे भिंतींना आतून बांधून ठेवणारं भक्कम असं काही नाही. विटांमधला मोर्टारही मातीचा. आता तुम्हीच सांगा, भूकंप झाला तर हा मनोरा कुठे फाटेल?

बरोबर. खिडक्यांच्या रेषेत.

दगडावरची नोंद

आणि झालंही तसंच. उत्तरेकडच्या दाराच्या दगडी चौकटीवर मिंग काळातल्या वांग ह नावाच्या एका अधिकाऱ्याने एक मजकूर कोरवून ठेवला आहे. त्याचा आशय असा : १४८७ च्या भूकंपात मनोरा वरपासून खालपर्यंत मधोमध फुटभर फाटला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती फट खिडकीसारखी लख्ख दिसे. मग १५२१ च्या सुमारास पुन्हा धरणी हलली आणि एका रात्रीत मनोरा पूर्ववत झाला, जणू कुणी देवाने तो सांधला.

फाटलेला मनोरा भूकंपानेच मिटावा, ही गोष्ट ऐकायला इतकी छान आहे की गाइड लोक ती रंगवून सांगणारच. नंतरच्या काळातही तो फाटल्याच्या आणि मिटल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे 'तीनदा फाटला, तीनदा मिटला' अशी त्याची ख्याती झाली. पण आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. आपण इथे दोन प्रश्न विचारायला हवेत. तो मिटला कसा? आणि मिटला म्हणजे जुळला का?

मिटली, पण जुळली नाही

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तसं साधं आहे. मनोरा उभा चिरला म्हणजे त्याची पूर्व आणि पश्चिम अशी दोन फाळकी झाली आणि ती थोडी बाहेरच्या बाजूला कलली. पुढच्या हादऱ्यात पायाखालची माती पुन्हा हलली, बसली आणि फाळकी परत आत टेकली. ते बाहेरही कलू शकले असते, आणि मग आज हा लेख लिहायची वेळ आली नसती. यात नशिबाचा भाग आहे हे मान्य करायला हरकत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र स्पष्ट 'नाही' असं आहे. मातीचा मोर्टार एकदा सुटला की दोन पृष्ठभाग नुसते एकमेकांना टेकतात, चिकटत नाहीत. दाब घेतील, ओढ घेणार नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे या मनोऱ्याचे फोटो आहेत. त्यांत उभी भेग स्वच्छ दिसते. म्हणजे दुखणं कधी बरं झालंच नव्हतं, ते फक्त अधूनमधून दिसेनासं व्हायचं.

याचा परिणाम किती मोठा, ते ढोबळ गणित करून बघू. मनोरा एक अखंड ठोकळा धरा. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी उंचीच्या चाळीस टक्क्यांवर, म्हणजे जमिनीपासून साधारण १७ मीटरवर आहे असं धरा. तळाची अर्धी रुंदी ५.७ मीटर. ठोकळा कडेवर उचलला जायला लागणारं आडवं त्वरण म्हणजे ५.७ भागिले १७, साधारण ०.३३ जी. आता तोच मनोरा मधोमध चिरलेला धरा. प्रत्येक फाळक्याची रुंदी ५.७ मीटर, अर्धी रुंदी २.८५. उत्तर येतं सुमारे ०.१७ जी. एका भेगेने बाहेरच्या बाजूला पडण्याविरुद्धची ताकद जवळपास निम्म्यावर आली! मजले, उतार, भिंतीची जाडी यांचा नीट हिशोब केला तर आकडे बदलतील, पण निम्म्याची गोष्ट फारशी बदलणार नाही.

मग १५५६ मध्ये पडला का नाही?

२३ जानेवारी १५५६ च्या भूकंपाचं केंद्र शिआनच्या पूर्वेला हुआशिअन भागात होतं. चिनी नोंदींप्रमाणे सुमारे ८ लाख ३० हजार माणसं गेली. शिआनमध्येच जपून ठेवलेले, इ. स. ८३७ मध्ये कोरून पूर्ण झालेले ११४ शिलालेख आहेत. त्यांतले ४० या भूकंपात मोडले. आपल्या मनोऱ्याचे वरचे दोन मजले कोसळले. पंधराचे तेरा झाले. पण बाकीचा उभा राहिला.

याला एक कारण गतिशास्त्रात आहे. वर काढलेलं त्वरण ओलांडलं की ठोकळा लगेच पडत नाही, तो फक्त डुलायला लागतो. पडायला वेळ लागतो आणि तोवर जमीन उलट दिशेला निघालेली असते. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज हाउसनर यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं की एकाच आकाराच्या दोन ठोकळ्यांपैकी मोठा ठोकळा अशा डुलण्यात जास्त स्थिर असतो. टेबलावर उभी केलेली पेन्सिल जरा धक्क्याने पडते, पण तशाच प्रमाणाचा मोठा मनोरा तग धरू शकतो, तो यामुळे.

दुसरं कारण पायाखाली आहे. शिआनचा सगळा प्रदेश लोएसचा, म्हणजे वाऱ्याने वाहून आणलेल्या पिवळ्या बारीक मातीचा. ही माती कोरडी असताना उभी कापली तरी राहते, पण आतून पोकळ असते. पाणी लागलं की बसते. थांग काळातल्या कारागिरांना हे पुस्तकातून नव्हे, पण अनुभवाने माहीत होतं. त्यांनी मनोऱ्याच्या तळापेक्षा बऱ्याच मोठ्या भागात माती थराथराने टाकून धुमसाने ठोकून घट्ट केली आणि त्यावर विटांचा चौथरा घेतला. आपण लॅबमध्ये प्रॉक्टर टेस्ट करतो, तिचाच हा पूर्वज. भार रुंद जागेवर पसरला आणि पाया एका बाजूला खचला नाही. पाया खालून अर्धगोलासारखा आहे आणि म्हणून मनोरा डोलणाऱ्या बाहुलीसारखा परत सरळ होतो, असंही लोकप्रिय स्पष्टीकरण तिथे ऐकायला मिळतं. ते तसंच्या तसं घेण्याची गरज नाही. रुंद, एकसारखा घट्ट केलेला पाया एवढंच पुरेसं मोठं कारण आहे.

आणि हीच लोएस माती त्या आठ लाख मृत्यूंचंही मोठं कारण होती. असंख्य लोक या मातीच्या कड्यांत खोदलेल्या गुहाघरांत राहत. थंडीत ऊबदार, उन्हाळ्यात गार, खर्च जवळजवळ नाही. भूकंपात कडेच्या कडे कोसळले आणि माणसं झोपेच्या जागीच गाडली गेली. आपल्याला हे चित्र अनोळखी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हेच घडलं. तिथे गुहा नव्हत्या, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद होतं. डोक्यावर मोठं वजन आणि त्याला धरून ठेवणारं काहीच नाही, हा दोष मात्र दोन्हीकडे एकच.

म्हणून 'जुन्या लोकांचं बांधकामच भक्कम' हे वाक्य जपून वापरायला हवं. आपण आज जी बघतो ती वाचलेली इमारत असते. त्याच काळातल्या, त्याच शहरातल्या पडलेल्या इमारती बघायला शिल्लकच नसतात.

पट्टा बांधला, माथा सोडला

१९६१ मध्ये चीन सरकारने हा मनोरा राष्ट्रीय संरक्षित यादीत घेतला आणि १९६४-६५ मध्ये त्याची मोठी दुरुस्ती झाली. या दुरुस्तीतले दोन निर्णय मला फार शिकण्यासारखे वाटतात.

पहिला निर्णय बांधायचा. काही मजल्यांवर भिंतींभोवती पोलादी पट्टे घालून दोन्ही फाळकी एकत्र आवळली गेली, आणि तीही सहजी नजरेत येणार नाहीत अशी. पिंपाला कडी घालतात तसं. आडव्या पट्ट्याने भिंतींच्या जोडणीत जी ओढ घेण्याची ताकद नव्हती ती आली. किल्लारीनंतर आपल्याकडे लिंटेल बँड, रूफ बँड यांवर जो भर दिला गेला, त्यामागचं तत्त्व हेच. चारही भिंती एकत्र हलल्या पाहिजेत, सुट्या नाही.

दुसरा निर्णय न बांधायचा. वरचे दोन मजले पुन्हा चढवणं अशक्य नव्हतं. 'पंधरा मजली मूळ रूप' म्हणून पर्यटकांना ते आवडलंही असतं. पण मूळ माथा नक्की कसा होता याचा भरवसा नसताना अंदाजाने बांधायचं नाही, असं ठरलं. तुटका माथा तसाच ठेवून पावसाचं पाणी आत झिरपणार नाही एवढी सोय केली, वीजवाहक बसवला. आज वर बघितलं तर कडा ओबडधोबडच दिसतात. १५५६ चा भूकंप तिथे अजून वाचता येतो. २००८ च्या वेनचुआन भूकंपाचे हादरे शिआनपर्यंत पोचले, तेव्हाही मनोरा उभा राहिला. २०१४ मध्ये रेशीम मार्गावरच्या स्थळांबरोबर तो जागतिक वारसा यादीत गेला, तोही तेराच मजल्यांनिशी.

जाल तेव्हा

शिआनला जाणं प्रत्येकाला जमेलच असं नाही. पण कोणत्याही जुन्या बांधकामापाशी गेलात, तर फोटो काढायच्या आधी चार गोष्टी बघायची सवय लावून घ्या :

१. दारं-खिडक्या कुठल्या रेषेत आहेत? भेग बहुधा तिथूनच जाणार.

२. वजन वर आहे की खाली?

३. भिंती एकमेकींना कशाने बांधल्या आहेत? की नुसत्या शेजारी उभ्या आहेत?

४. भेग बुजवली आहे की सांधली आहे? वरून गिलावा केलेल्या भेगेला दुरुस्ती म्हणत नाहीत.

चौथा प्रश्न तर घरी परतल्यावर आपल्याच बिल्डिंगच्या जिन्यातही विचारता येईल. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी सिमेंट फासलेली आणि दरवर्षी पुन्हा उघडणारी एखादी भेग तुमच्याही पाहण्यात असेलच. ती का उघडते, याचं उत्तर शोधायला शिआनपर्यंत जायची गरज नाही.