होल्डर काखेत धरू नकोस

पोरा, उद्यमनगरात तुझं स्वतःचं शटर उघडतंय, हंगामाआधी ऊस ट्रॉल्यांची कामंही मिळालीत, फार बरं वाटलं. वेल्ड कसा ओढायचा ते तुला सांगायला नको, हात चांगला बसलाय. सांगायचंय ते वेगळं. बोट भाजलं की तिथल्या तिथं कळतं, म्हणून भाजण्याला सगळे जपतात. आपल्या धंद्यातली मोठी दुखणी आधी कळत नाहीत.

शॉकचंच बघ. दोन फेजवरचं मशीन म्हणजे मेनला ४१५ व्होल्ट, त्याला सगळे भितात. होल्डरला कुणी भीत नाही. ‘ऐंशी व्होल्टनं काय होतंय?’ म्हणणारे तुला रोज भेटतील. रॉड जळत असताना होल्डरवर वीस-तीस व्होल्टच असतात, हे खरं. पण रॉड उचलला, आर्क तुटला, की तिथं परत ६० ते ८० व्होल्ट येतात. म्हणजे काम चालू असताना कमी आणि थांबलं की जास्त. आणि थांबल्यावर आपले लोक काय करतात? होल्डर काखेत धरतात, मोजा काढतात आणि उघड्या हातानं नवा रॉड लावतात. मे महिन्यात सदरा घामानं चिंब, पाठ ट्रॉलीच्या चासीला टेकलेली. कोरडी कातडी करंटला थोडीफार अडवते, भिजलेली अडवत नाही. तेवढे व्होल्ट छातीतून गेले तर धडधाकट माणूस जागेवर जातो. काखेत होल्डर कधीच नको, मशीन बंद असलं तरी नको, नाहीतर सवय लागते. रॉड मोजा घालूनच बदलायचा. उन्हाळ्यात चामड्याच्या मोजांचे दोन जोड ठेव, एक वाळत घातलेला असू दे. होल्डरचं इन्सुलेशन फुटलं तर त्याला टेप गुंडाळत बसू नकोस, नवा आण.

बोर्डावर ईएलसीबी बसवच. पण तो मेनच्या बाजूच्या शॉकपासून वाचवतो, होल्डरच्या नाही. मशीनमधला ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजू वेगळ्या ठेवतो, त्यामुळे होल्डरकडे काय चाललंय ते ईएलसीबीला कळतच नाही. त्याच्या भरवशावर ओल्यात काम करू नकोस. पावसात गाडीखाली झोपून वेल्ड मारायची वेळ आली तर अंगाखाली कोरडी फळी घे. टाकीच्या आत उतरायचं असेल तर बाहेर मेनजवळ माणूस उभा पाहिजे, आणि तो मोबाइल बघणारा नको. कुणी चिकटलाच तर आधी मेन पाडायचा, मग त्याला हात लावायचा. हे पोरांकडून तोंडपाठ करून घे.

अर्थिंगच्या दोन वायरी असतात, त्यात गल्लत नको. मशीनच्या बॉडीची वेगळी, ती जमिनीत जाते. जॉबची वेगळी, तिचा क्लॅम्प वेल्ड मारायच्या जागेपासून हातभर अंतरात, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावायचा. कुठंतरी लांब सळईचा तुकडा टेकवून काम उरकलं की करंट मिळेल त्या वाटेनं परत येतो. हबला वेल्ड आणि क्लॅम्प चासीला, असं केलंस तर तो बेअरिंगमधून जातो आणि चांगल्या बेअरिंगला खड्डे पडतात.

डोळ्यांची गोष्ट तुला माहीत आहे, तरी सांगतो, कारण नुसते टॅक मारताना सगळे काच बाजूला ठेवतात. डोळे मिटून टॅक मारला तरी मिटायच्या आधी प्रकाश आत गेलेला असतो. दिवसभर काही होत नाही. रात्री झोपेतून उठवतं, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं. तेव्हा गार पाण्याच्या पट्ट्या ठेव आणि सकाळी डॉक्टरकडे जा. डोळा बधिर करणारे थेंब मात्र कुणाच्या सांगण्यावरून घालायचे नाहीत, त्यानं जखम भरत नाही. आपल्या कामाला ११ नंबरची काळी काच बरोबर, तिच्यापुढं पांढरी काच लाव म्हणजे ठिणग्यांनी काळी खराब होत नाही. आणि जॉब धरणाऱ्या पोराला स्वतःची काच दे. तो मान वळवून उभा राहतो आणि त्याचेच डोळे जास्त जातात. या बाबतीत काटकसर केलेली मला चालणार नाही.

जीआय पाइपचं काम येईल. त्यावरच्या जस्ताचा पांढरा धूर पोटभर घेतलास की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, दीड-दोन दिवसांत उतरतो, म्हणून कुणी मनावर घेत नाही. वर दूध प्या, गूळ खा, असा सल्ला मिळतो. गूळ पोटात जातो रे, धूर फुप्फुसात गेलेला असतो! जोडाच्या दोन्ही बाजूंचं दोन-दोन इंच जस्त आधी घासून काढ, तोंडाला धुराचा मास्क लावून. मग वाऱ्याकडे पाठ न करता वारा बाजूनं येईल असा उभा राहा, आणि डोकं धुराच्या बाहेर ठेव. साध्या लोखंडाच्या धुरालाही हलकं समजू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलाय.

कपडे सुती घाल, पँट बुटावरून खाली सोड. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं.

शेवटचा वेल्ड मारल्यावर अर्धा तास शटर ओढायचं नाही. ठिणगी तीस फूट लांब जाऊन चिंध्यांत पडते आणि आग कुलूप लावल्यावर लागते.

डिझेलची टाकी, थिनरचा ड्रम वेल्डिंगला घेऊन कुणी आलं तर नाही म्हण. ‘रिकामीच आहे, धुतलीय’ म्हणतील. रिकाम्या टाकीत वाफ असते, आणि फुटते ती वाफच. गिऱ्हाईक ओळखीचं असो, कारखान्याचा माणूस असो, दुप्पट पैसे देऊ दे, हात लावू नकोस. माझं नाव सांग, म्हणावं काकांनी बंदी घातलीय.

रविवारी मी येतोय. तुझ्या केबलला मध्ये दोन जोड बघितलेत, ते काढून टाकू आणि नवे लग बसवू. पाना तुझ्याकडे आहे, लग मी घेऊन येतो.