विषशास्त्र : ‘किती?’ विचारणाऱ्या मुलांचं क्षेत्र

कीटकनाशकाच्या बाटलीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग. शेतकऱ्याच्या घरातलं मूल तो लहानपणापासून पाहतं; पण हा रंग ज्या आकड्यावरून ठरतो, तो काढणं हे कुणाचं तरी आयुष्यभराचं काम आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. ‘नीट’पलीकडे काहीच दिसत नसेल, तर या कामाकडे जरूर पाहा.

रंगामागचं गणित

प्रयोगातल्या निम्म्या प्राण्यांचा जीव घेणारी मात्रा म्हणजे ‘एलडी-५०’. संशोधक ट्रेव्हन यांनी ही कल्पना १९२७ मध्ये मांडली. शरीराच्या दर किलो वजनामागे ती मिलिग्रॅममध्ये सांगतात. तोंडावाटे ५० पर्यंत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. आकडा जितका लहान, तितकं विष जहाल.

हा रंग तीव्र विषबाधेपुरता आहे. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं, तर होणारी दीर्घकालीन विषबाधा वेगळी तपासावी लागते. म्हणून हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

विष कुठून शिरतं, हेही पाहावं लागतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीत विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अंगावर उडणारे तुषार कातडीतून आणि श्वासातून आत जातात. पदार्थ घातक असणं ही एक गोष्ट, त्याच्याशी संपर्क किती आला ही दुसरी. दोन्ही मिळून जोखीम ठरते. हातमोजे आणि मास्क विषाची ताकद कमी करत नाहीत, संपर्क कमी करतात.

उलट, घरातल्या पॅरासिटामॉलचं उदाहरण घ्या. मोठ्या माणसाला दिवसाला कमाल ४ ग्रॅम. मात्रा फार वाढली, तर तेच औषध यकृत निकामी करतं. वेळेत दिलेलं एन-ॲसिटाइलसिस्टीन हा त्यावरचा उतारा. मात्रेवरच विष ठरतं, हे पॅरासेल्सस यांनी सोळाव्या शतकातच सांगून ठेवलंय.

वाट कशी?

बी.फार्म. किंवा रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी करता येते. पशुवैद्यकाची वाटही आहे. तिला मात्र ‘नीट’ लागते. बी.फार्म.नंतर जीपॅट ही पात्रता परीक्षा आणि पुढे संस्थेची प्रवेश परीक्षा देऊन मोहालीच्या नायपर या औषधशिक्षण संस्थेत औषधशास्त्र व विषशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. मुंबई आणि नागपूरमध्ये न्यायसहायक विज्ञानाच्या शासकीय संस्था आहेत. संशोधनासाठी लखनौची भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्था १९६५ पासून काम करते आहे. नोकऱ्या औषध आणि कीटकनाशक कंपन्यांत, तपासणी प्रयोगशाळांत, शिवाय व्हिसेरा तपासणाऱ्या न्यायसहायक प्रयोगशाळांत.

पालकांसाठी

पदवीवर थांबू नका. इथे पदव्युत्तर शिक्षणानंतरच खरी दारं उघडतात. मुलाला प्राण्यांवरचे प्रयोग जमणार नसतील, तर पेशींवर आणि संगणकावर होणाऱ्या चाचण्यांचं कामही वाढतं आहे.

या रविवारी मुलासोबत घरातला औषधांचा डबा उघडा. प्रत्येक पाकिटावर किती मिलिग्रॅम लिहिलंय, ते त्याला वहीत उतरवू द्या. लिहिता लिहिता त्याने आपणहून विचारलं, ‘आजीच्या वजनाला हे किती चालेल?’ तर गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या. पण हा प्रश्न मात्र जपून ठेवा. विषशास्त्राचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.