ध्वनिमुद्रिकांची स्वच्छता

ग्रामोफोनची तबकडी स्वच्छ करावयास बसण्यापूर्वी ती कशाची घडविली आहे हे ओळखणे अगत्याचे असते. पुष्कळ घरांतून इकडे लक्ष जात नाही, आणि मोठ्या प्रेमाने पुसलेली तबकडीच कायमची बिघडते.

बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ह्यांची जुनी गाणी ज्या तबकड्यांवर मुद्रित झाली, त्या लाखेच्या होत. पळस, बोर, कुसुम अशा वृक्षांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक कीटक जी राळ स्रवतो, तीच ही लाख. ती शुद्ध करून, तीत दगडाची वस्त्रगाळ पूड व काजळी मिसळून तबकडी दाबून काढीत. मिनिटास सुमारे ७८ फेरे घेणारी ही १० इंची तबकडी एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच वाजे. इ. स. १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने व्हिनाइल ह्या कृत्रिम द्रव्याची, मिनिटास ३३ व एकतृतीयांश फेरे घेणारी दीर्घ तबकडी विक्रीस आणिली, आणि पुढे तीच रूढ झाली.

दोन्ही काळ्या, दोन्ही गोल. परंतु एकीचे औषध दुसरीचे विष आहे. सुतार लाकडास झिलई देण्यासाठी चपडा लाख स्पिरिटात विरघळवितो, हे आमच्या वाचकांनी पाहिलेच असेल. तेच स्पिरिट लाखेच्या तबकडीवर फिरविले तर काय व्हावयाचे, हे सांगणे नको! व्हिनाइल असे विरघळत नाही. म्हणून तिच्यासाठी विकत मिळणाऱ्या द्रवांत पुष्कळदा मद्यार्क असतो. बाटलीवरील मजकूर वाचल्याखेरीज ती जुन्या तबकडीजवळ आणू नये. मधल्या कागदावर ७८ हा आकडा असल्यास, किंवा तबकडी हातास जड व कडक लागल्यास, ती लाखेचीच समजून चालावे. वाकवून परीक्षा पाहू नये. लाख काचेसारखी तडकते.

प्रथम मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. तबकडीच्या एका बाजूवर बहुधा एकच अखंड खाच कडेपासून आत वळत गेलेली असते. हात त्या खाचेच्याच दिशेने, वर्तुळाकार फिरवावा, आडवा नव्हे. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून मऊ फडके ओलसर करावे. विहिरीचे जड पाणी वाळताना खाचांत क्षार ठेवून जाते. मधला कागद भिजू देऊ नये. नंतर स्वच्छ पाण्याच्या फडक्याने साबण टिपून घ्यावा. लाखेच्या तबकडीवर ओल क्षणभरच असावी, व तडा गेलेलीस पाणी लावूच नये. व्हिनाइल कोरड्या फडक्याने खसाखसा घासल्यास तीत विद्युत्भार साचतो आणि उलट अधिकच धूळ ओढली जाते.

वाळविण्यासाठी ती सावलीत उभी ठेवावी. उन्हाने दोन्ही प्रकारच्या तबकड्या वाकतात. कोकणातील पावसाळ्यात वेष्टनास बुरशी लागते, म्हणून जुने ओलसर वेष्टन टाकून नवे कोरडे घालावे. कपाटात त्या पुस्तकांप्रमाणे उभ्याच लावाव्या; एकीवर एक रचल्यास वरच्यांचा भार खालच्यांवर पडतो.